टेबल एक, माल अनेक : दूरचित्रवाणीवर कोणता खेळ खपतो?

व्यापाराच्या पानावर स्नूकर आणि बिलियर्ड्स कशाला, असे काही वाचकबंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण आपण व्यापारी आणि कारागीर मंडळी ज्या एका सवालात आयुष्य घालवतो, तोच सवाल या टेबलावर मांडलेला आहे. माल उत्तम असूनही गिऱ्हाईक का जाते? आणि साधाच माल नीट मापून, नीट कापून समोर ठेवला, तर तोच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा का येते?

काठीने चेंडू मारण्याचे खेळ बरेच आहेत. जुने इंग्लिश बिलियर्ड्स, स्नूकर, अमेरिकेतील पूल व त्यातला नाईन-बॉल हे त्यातले मुख्य. टेबल, काठी, चेंडू आणि वर अंथरलेले कापड थोड्याफार फरकाने सारखेच. तरी दूरचित्रवाणीवर एक बुडाला, एक तरला आणि एकाने नवी पेठ वसवली. याची कारणे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

उस्ताद वाढले, प्रेक्षक आटले

बिलियर्ड्स तीन चेंडूंवर खेळतात. आपल्या चेंडूने इतर दोघांना स्पर्श केला तर २ गुण, तांबडा पॉकेटात घातला तर ३, आणि इतरांना लागून आपला चेंडू पॉकेटात गेला तर २ किंवा ३. खेळ फार बारीक कसबाचा आहे. पण कसब पूर्ण साधले आणि पंचाईत झाली.

१९०७ साली इंग्लंडमध्ये टॉम रीस या खेळाडूने दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशी असे अडकवून ठेवले की, प्रत्येक फटक्याला दोघांना स्पर्श व्हावा, पण जागा कोणीच सोडू नये. अशा रीतीने महिनाभराहून अधिक काळ रोज येऊन त्यांनी ४,९९,१३५ गुण केले! हा आकडा अधिकृत विक्रम म्हणून धरला गेला नाही, कारण सगळा वेळ वार्ताहर आणि प्रेक्षक हजर नव्हते. ते कशाला बसतील? पुढे १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यांनी लंडनमध्ये एकाच डावात ४,१३७ गुण केले. तेवढा वेळ प्रतिस्पर्धी जो डेव्हिस खुर्चीत बसून होते. नंतर नियम बदलला की, ठराविक गुणांनंतर चेंडूने टेबलावरची रेषा ओलांडलीच पाहिजे. पण तोवर लोकांची आवड उडाली होती. जो डेव्हिस मात्र हुशार निघाले. त्यांनी स्नूकरकडे मोर्चा वळवला आणि १९२७ पासून १९४६ पर्यंत पंधरा वेळा जगज्जेतेपद मिळवले.

यातला धडा असा की, कारागिराचे कसब गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे. लिंड्रम यांची कमाल फक्त लिंड्रम यांच्या तोडीच्या माणसालाच कळत होती.

रंग आला आणि नशीब फळफळले

स्नूकरचा जन्म आपल्याच देशातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने तो काढला असे मानले जाते. पंधरा तांबडे, सहा इतर रंगांचे आणि एक पांढरा. तांबडा घातला तर १ गुण, मग रंगीत, मग पुन्हा तांबडा. पिवळ्याचे २ पासून काळ्याचे ७ पर्यंत भाव ठरलेले.

बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर १९६७ मध्ये रंगीत चित्र सुरू झाले. आता रंग दाखवायचा तर कशाचा, हा प्रश्न होता. १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला. अर्ध्या तासात एकच फ्रेम, म्हणजे एकच डाव. आपल्या भाषेत सांगायचे तर अख्खे थान न उलगडता कटपीस विकायला काढला! त्या काळी पुष्कळ घरांत साधेच संच होते. म्हणून एका समालोचकाने, काळ्या-पांढऱ्या संचावर पाहणाऱ्यांसाठी सांगतो, गुलाबी चेंडू हिरव्याच्या शेजारी आहे, असे सांगितल्याचा किस्सा आजही हसत सांगतात.

आणखी एक सोय होती. बारा फुटांचे टेबल पडद्यात जसेच्या तसे बसते. क्रिकेटला मैदानभर कॅमेरे लागतात, पाऊस आला तर धंदा बंद. येथे एक खोली, चार दिवे, मोजके कॅमेरे. खर्च कमी, दाखवायला तासन्‌तास. असा माल कोणता दुकानदार नाकारील?

कटपीसने चव लागली, मग लोकांनी थानही घेतले. १९७७ पासून शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धा भरते. ती सतरा दिवस चालते आणि अंतिम सामना ३५ फ्रेमपर्यंत जातो. १९८५ चा अंतिम सामना आजही नावाजला जातो. स्टीव्ह डेव्हिस ८-० असे पुढे होते. डेनिस टेलर हळूहळू वर आले आणि १७-१७ अशी बरोबरी झाली. शेवटच्या फ्रेममध्ये डेव्हिस ६२, टेलर ४४. टेबलावर उरले चार चेंडू : तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. एकूण २२. टेलर यांनी तिन्ही घातले, ५९ झाले. आता फक्त काळा. दोघांनीही तो चुकवला आणि अखेर टेलर यांनी घातला. साऱ्या सामन्यात ते आघाडीवर आले ते त्या एकाच क्षणी. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे होते.

वाचकहो, या हिशेबाकडे लक्ष द्या. घरबसल्या कोणीही मांडू शकेल असा तो आहे. किती जमा, किती बाकी, किती येणे, सगळे टेबलावर उघडे. स्नूकरची खरी ताकद हीच.

नाईन-बॉल : दोन मिनिटांत समजणारा माल

अमेरिकेतही बिलियर्ड्ससारखीच गत झाली होती. तेथे ‘स्ट्रेट पूल’ हा सलग गुण मिळवण्याचा खेळ प्रतिष्ठेचा होता. विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये त्यात सलग ५२६ चेंडू घातले. पडद्यावर मात्र तो चालेना आणि जागा घेतली नाईन-बॉलने. टेबलावर नऊ चेंडू. सर्वांत लहान आकड्याचा आधी लागला पाहिजे, आणि जो नववा घालील त्याचा डाव. बस्स. १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका असा मॉस्कोनी चषक याच खेळावर चालतो. प्रेक्षक आरडाओरडा करतात आणि त्याला मुभाही असते.

याचा एक दोष आहे. फोडणारा खेळाडू चांगला असला तर समोरचा बसूनच राहतो, आणि नशिबाचा भागही स्नूकरपेक्षा जास्त. पण डाव छोटे असल्याने पुढच्या काही मिनिटांत पुन्हा संधी येते.

मी दुकानातील तिघांना तिन्ही खेळांची चित्रफीत दाखवून पाहिली. बिलियर्ड्स लागताच तिघेही चहाला गेले. नाईन-बॉल गाठोडी बांधणाऱ्या पोराला लगेच समजला आणि तो दोन्ही बाजूंनी ओरडू लागला. स्नूकरला त्याने जांभई दिली. पण आमचे हिशेबनीस चष्मा सावरून उठले नाहीत, ते नाहीतच. “सेठ, बाकी अजून सुटतेय,” एवढेच म्हणाले. गिऱ्हाईक एक नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे.

कापडवाल्याची नोंद

माझा धंदा कापडाचा, म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्नूकरच्या टेबलावर लोकरीची बनात असते आणि तिला लव असते. ही लव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुकलेली असते. तिच्या उलट हळू मारलेला चेंडू वाट सोडतो. म्हणून कापड एकाच दिशेने ब्रश करतात, त्यावर इस्त्री फिरवतात. पूलच्या टेबलावर बिनलवेचे वर्स्टेड असते, त्यावर चेंडू सुसाट जातो. बेल्जियममधील व्हर्व्हिए या लोकरीच्या गावातील सिमोनिस ही पेढी १६८० पासूनची आणि पूलच्या कापडात तिचे नाव मोठे.

दूरचित्रवाणीने येथेही हात घातला. नाईन-बॉलच्या मोठ्या स्पर्धांत हिरव्याऐवजी निळे कापड आले, कारण पडद्यावर चेंडू त्यावर उठून दिसतात. गडद जांभळा चेंडू दिव्याखाली काळ्यासारखा दिसतो म्हणून पडद्यासाठी त्याचा गुलाबी केला. स्नूकरने मात्र हिरवी बनात सोडली नाही. एकाने गिऱ्हाइकासाठी रंग बदलला, दुसऱ्याने रंगालाच ओळख बनवले. दोन्ही दुकाने चालू आहेत.

घाईचा माल

आता सगळ्यांना घाई आहे. बिलियर्ड्समध्ये १५० गुणांचे छोटे डाव सुरू झाले. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी यांनी २००५ मध्ये माल्टात वेळेचा आणि गुणांचा असे दोन्ही प्रकार जिंकले. स्नूकरमध्ये सहाच तांबड्यांचा खेळ आला. २०११ पासूनच्या ‘शूट आउट’ मध्ये तर एकच फ्रेम, तीही दहा मिनिटांची. पहिली पाच मिनिटे प्रत्येक फटक्याला १५ सेकंद, नंतर १०. बघायला मजा येते. पण दुसऱ्या दिवशी कोण जिंकले ते आठवत नाही. सेलमध्ये विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक भाव लक्षात ठेवते, दुकान नाही.

सावकाश खेळ म्हणजे रटाळ असेही नाही. रॉनी ओ’सुलिव्हन यांनी १९९७ मध्ये क्रूसिबलवर १४७ चा पूर्ण डाव, म्हणजे ३६ चेंडू, साडेपाच मिनिटांच्या आत संपवला. तेव्हा त्यांच्यापुढे घड्याळ लावलेले नव्हते.

पैसा कोणाचा?

येथे मला वाचकांचे खास लक्ष हवे आहे. स्नूकरला वर काढले ते तंबाखूच्या पैशाने. जागतिक स्पर्धा १९७६ पासून २००५ पर्यंत एका सिगारेटच्या नावाने भरत होती. कायद्याने ती जाहिरात थांबली, आणि २००६ पासून बरीच वर्षे तिच्या जागी सट्टा घेणाऱ्या कंपन्या आल्या. २०२३ मध्ये निकाल फिरवण्याच्या प्रकरणात चीनच्या दहा खेळाडूंवर बंदी आली, त्यातील दोघांवर आजन्म. पैशाची वाट जशी, तसा माल होतो. २०२४ मध्ये रियाधला सोनेरी चेंडू आणला गेला. १४७ पूर्ण करणाऱ्याला तो घालून आणखी २० गुण. त्या पहिल्या वेळी कोणालाही तो मिळाला नाही, चर्चा मात्र जगभर झाली. त्याच वर्षी नाईन-बॉलची जागतिक स्पर्धा जेद्दाहला भरली. थैली मोठी असली की खेळ तेथे जातो.

आपल्या मोहल्ल्यांतही टेबले आली आहेत. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी १९८९ आणि २००१ मध्ये आशियाई स्नूकर स्पर्धा जिंकली. पाकिस्तानचे मुहम्मद यूसुफ १९९४ मध्ये हौशी गटात जगज्जेते झाले. तेव्हा खेळ वाईट नाही. पण हरणाऱ्याने भाडे भरायचे, मग त्यावर आणखी काही लावायचे, ही सवय कोठे जाते ते प्रत्येक बापाला कळते. जुगार हराम आहे, हे सांगायला मी आलिम नाही. टेबल टाकणाऱ्या बंधूंनी शर्तीच्या बाबतीत आधी उलेमांना विचारावे, तासाचा दर फळ्यावर लिहावा आणि तो दोघांकडून निम्मा निम्मा घ्यावा. भांडणे तरी निम्मी होतील.

माझा कौल

कोणता प्रकार पडद्यावर सर्वांत चांगला? नव्या प्रेक्षकासाठी नाईन-बॉल. पण एकच निवडायचा तर माझे मत ११ फ्रेमच्या स्नूकर सामन्याला. लंडनच्या ‘मास्टर्स’ स्पर्धेत अंतिम सामना सोडून असेच सामने होतात. सहा फ्रेम जिंकेल तो पुढे. एका बैठकीत संपतो, चुकलेल्याला सावरायला जागा असते आणि नशिबापेक्षा कसब वरचढ राहते. ३५ फ्रेमचा थान वर्षातून एकदाच उलगडावा. ईदच्या कापडासारखा.

आपल्यासाठी सार एवढेच. माल असा मापा की गिऱ्हाइकाला सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसावेत. हिशेब उघडा ठेवा. आणि दुकानात पैसा कोठून येतो यावर नजर ठेवा, कारण पुढे दुकान त्याच्याच सांगण्याने चालते. बरकत देणारा अल्लाह आहे. माप मात्र आपल्या हातात आहे.