तारेवरचा शब्द कोण वाचतो?

खोपोलीच्या वीजघरातून १९१५ सालापासून तारांवाटे मुंबईला वीज जाते. वाटेत कोणी वीज चोरली, तर पुढे ती कमी भरते आणि चोरी कळते. शब्दाचे तसे नाही. तारेवरचा शब्द मध्येच कोणी वाचला, तरी तो तिळभर कमी होत नाही!

समजा, तुम्ही कर्जतला घरी बसून खोपोलीच्या शाळेतील संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, हुकूम देत आहात. गाडी जशी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत जाते, तसा हुकूम अनेक यंत्रांच्या हातांतून जातो. टेलनेट या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्दही पोस्टकार्डासारखा उघडा जाई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द कोणीतरी टिपले. तेव्हा तेथील तातू यिलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही कुलूपबंद पद्धत रचली.

पण कुलपाची किल्ली पाठवायची कशी? तीही त्याच वाटेने जाणार! येथे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली युक्ती उपयोगी पडते. कागद-पेन्सिल घ्या. ७ आणि २३ हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. तुम्ही मनात ३ धरा. ७ चा तिसरा घात ३४३. त्याला २३ ने भागल्यास बाकी २१. ती खुशाल पाठवा. सर्व्हरने मनात ४ धरला. २४०१ ची बाकी ९ त्याने तुम्हांला कळवली. आता तुम्ही ९ चा तिसरा घात करून २३ ने भागा, बाकी १६. सर्व्हरने २१ चा चौथा घात केला, तरी बाकी १६च! हीच किल्ली. ती तारेवरून गेलीच नाही. एवढे लहान आकडे डोलवलीचा चोरही शोधील. पण शेकडो अंकी संख्या घेतल्या, तर त्याला ते जमणार नाही.

मात्र डोलवलीला चोराऐवजी तोतयाच सर्व्हर बनून बसला तर? तुम्ही किल्ली त्याच्याशीच जुळवाल! म्हणून पहिल्या भेटीत तुमचा संगणक समोरच्याचा ‘ठसा’, म्हणजे अक्षरांची एक लांब माळ, दाखवून विचारतो: विश्वास ठेवू का? बहुतेक जण न वाचताच ‘होय’ म्हणतात. (मीही कित्येक वर्षे तेच केले.) खरे तर शाळेत फोन करून ती माळ ताडून पाहावी. पुढे संगणक ठसा लक्षात ठेवतो आणि तो बदलला, की ओरडतो. कदाचित शाळेने नवा सर्व्हर बसवला असेल, कदाचित नसेल. फोन होईपर्यंत परवलीचा शब्द टंकू नका.