वारेपलीकडे औषध जाते का?

बाळंतपणानंतर वार पडते आणि आपण ती पुरून टाकतो. पण नऊ महिने बाळाला अन्न आणि प्राणवायू तीच पुरवते. मग आईने घेतलेले औषध ती अडवते का? नेहमी नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आले. गरोदर बायांनी ते मळमळीवर घेतले. जगभरात हजारो बाळे हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये तिथे ते बंद झाले.

आता औषध नॅनोकणांत, म्हणजे केसाच्या जाडीहून शेकडो पट बारीक कणांत भरून देण्याचे संशोधन चालू आहे. हे कण बाळापर्यंत जातील का? उंदराची वार माणसासारखी नसते. म्हणून स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी बाळंतिणींच्या संमतीने त्यांची वार घेतली. दोन्ही बाजूंना नळ्या जोडून ती काही तास जिवंत ठेवली आणि आईच्या बाजूने प्लास्टिकचे कण सोडले. २४० नॅनोमीटरपर्यंतचे कण पलीकडे गेले, असे त्यांनी २०१० मध्ये जाहीर केले. मात्र ही वार पूर्ण दिवसांची असते. पहिल्या तीन महिन्यांत काय होते, ते तिच्यावरून कळत नाही.

म्हणून आम्ही सांगतो: ताई, दिवस गेले असताना दुकानातून मनाने गोळी आणू नका. बीपीची, फिटची चालू गोळी मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि संशोधनासाठी कुणी वार मागितली, तर कशासाठी ते आधी समजून घ्या, मगच सही करा. नाही म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे.