घरच्या कुत्र्याचे आज्ञापालन : एक भाषिक विचार

पाळीव कुत्र्यास बसणे, थांबणे आणि हाकेस येणे ह्या तीन गोष्टी शिकविण्याचा उद्योग पुष्कळ घरांत सुरू होतो आणि काही आठवड्यांत ‘हा ऐकतच नाही’ ह्या निष्कर्षापाशी येऊन थांबतो. अशा अपयशाची चौकशी केली असता दोष कुत्र्याच्या बुद्धीत क्वचितच आढळतो. बहुधा तो आज्ञेच्या भाषिक रूपात असतो. मराठी घरात वडील ‘बस’ म्हणतात, आजी ‘बैस’ म्हणतात, मुले ‘खाली बस ना रे’ अशी विनवणी करतात, आणि अखेर कोणी तरी ‘बसतोस की नाही?’ असे दरडावते. मराठी भाषकास ही चारही वाक्ये एकार्थी वाटतात. कुत्र्याच्या कानी मात्र चार निरनिराळे ध्वनिसमूह पडतात. उघड्या फाटकातून रस्त्याकडे धावणारा कुत्रा ‘थांब’ ह्या एका उच्चाराने थबकतो की नाही, यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो. म्हणून हा विषय केवळ हौसेचा मानता येत नाही.

कुत्र्यास शब्द कळतो म्हणजे नेमके काय कळते, ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार बराच जुना आहे. १९२८ साली अमेरिकेत वॉर्डन आणि वॉर्नर ह्या संशोधकांनी ‘फेलो’ नावाच्या प्रसिद्ध कुत्र्याची परीक्षा घेतली. मालक पडद्याआड असतानाही ‘बस’, ‘झोप’ यांसारख्या अनेक आज्ञा त्याने पाळल्या. परंतु एखाद्या विशिष्ट जागेकडे वा वस्तूकडे जावयाचे असे, तेव्हा मालकाची नजर व हालचाल दिसेनाशी होताच तो गोंधळला. २००५ साली फुकुझावा, मिल्स आणि कूपर यांनी असे दाखविले की, परिचित आज्ञेतील एखादा वर्ण बदलल्यास कुत्र्याचा प्रतिसाद घटतो. ध्वनिमुद्रित आज्ञा ऐकविल्यानेही तसेच घडते. शब्दग्रहणाची शक्ती कुत्र्यात नाही असे मात्र नव्हे. ‘रिको’ ह्या कुत्र्यास दोनशेहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येत असल्याचे २००४ साली, तर ‘चेसर’ ह्या कुत्रीस १०२२ नावे ओळखता येत असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही प्राणी बॉर्डर कोली जातीचे होते, आणि प्रत्येक नाव ठरीव रूपात पुनःपुन्हा उच्चारून त्यांना शिकविण्यात आले होते.

यावरून आज्ञाशब्दांच्या निवडीचे पहिले तत्त्व हाती येते : एका क्रियेस एकच रूप असावे, आणि ती रूपे परस्परांपासून ध्वनिदृष्ट्या दूर असावीत. मराठीत हे वाटते तितके सोपे नाही. मराठी आज्ञार्थाचे एकवचन म्हणजे बहुधा केवळ धातू. ‘ये’, ‘दे’, ‘घे’, ‘ने’ ह्या चार आज्ञांत स्वर एकच असून भेद फक्त आद्य व्यंजनाचा आहे. अंतरावरून स्वर स्पष्ट ऐकू येतो, व्यंजन पुसट होते. त्यामुळे बोलावण्यासाठी ‘इकडे’ हा शब्द ‘ये’पेक्षा अधिक सोयीचा ठरतो.

‘बस’ ह्या शब्दाची अडचण निराळी आहे. ‘बस झाले’, ‘बस चुकली’ अशा रूपांत तो दिवसभर घरात कानी पडतो आणि त्यातून कुत्र्याच्या वाट्यास काहीच येत नाही. परिणामाविना वारंवार अनुभवलेल्या संकेतास पुढे अर्थ जोडणे प्राण्यास जड जाते, हे लुबो आणि मूर यांनी १९५९ साली मेंढ्या व शेळ्यांवरील प्रयोगांतून दाखविले. मराठी घरांत कुत्र्याशी ‘सिट’, ‘कम’ असे इंग्रजी शब्द योजण्याची जी रूढी आहे, तिचे समर्थन करावयाचे तर ते याच आधारावर करता येईल. इंग्रजी कुत्र्यास अधिक कळते असे नाही. ते शब्द घरातील इतर बोलण्यात कमी येतात, एवढाच त्यांचा गुण. हाच गुण ‘बैठक’ ह्या मराठी शब्दातही पुष्कळ घरांत सापडेल.

निषेधाची रचना तर अधिकच फसवी आहे. मराठीत नकार क्रियापदानंतर येतो. ‘उठू नकोस’ असे म्हटले असता ‘उठ’ ही आज्ञा शिकलेल्या कुत्र्याच्या कानी प्रथम तीच पडते. म्हणून निषेधासाठी क्रियापद वगळून एकच स्वतंत्र उच्चार ठरविणे इष्ट.

शब्द ठरल्यावर प्रश्न येतो तो क्रमाचा. येथे माणसाचा भाषिक संस्कार आड येतो : तो आधी शब्द उच्चारतो आणि क्रिया आपोआप घडेल अशी अपेक्षा करतो. वस्तुतः प्रथम क्रिया घडवून आणावी. हरभऱ्याएवढा खाद्याचा तुकडा कुत्र्याच्या नाकासमोर धरून सावकाश डोक्यावरून मागे नेला, की मान वर होते आणि मागील भाग जमिनीस टेकतो. टेकताक्षणीच तुकडा द्यावा. काही क्षणांचा विलंब झाला तरी बक्षीस पुन्हा उठून उभे राहण्यास मिळते. ही क्रिया हमखास होऊ लागल्यावरच शब्दाची जोड द्यावी. शब्द एकदाच उच्चारावा, क्षणभर थांबावे, आणि मग हात हलवावा. दोन्ही एकाच वेळी केल्यास ठळक असलेली हातवाऱ्याची खूण शिकली जाते आणि शब्द तिच्याखाली झाकला जातो. प्रबळ संकेत दुर्बळ संकेतास असा झाकतो, हे पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतच आढळले होते. पाचेक मिनिटांचे दोन-तीन पाठ दिवसभरात पुरेसे होतात.

‘थांब’ ही आज्ञा स्वरूपाने वेगळी आहे. ‘बस’ ही घटना आहे, ‘थांब’ ही अवस्था. आणि अवस्थेचा शेवट शब्दात सांगितलेला नसतो. तो कुत्र्याने ओळखावा अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. म्हणून ‘सुटी’ यासारखा मोकळीक देणारा शब्द ‘थांब’बरोबरच शिकविला पाहिजे. कालावधी, अंतर आणि भोवतालची गडबड ह्या तिन्ही गोष्टी एका वेळी एक अशा वाढवाव्यात. ओसरीवर पक्की झालेली आज्ञा रस्त्यावर विसरली जाते, ती अवज्ञा नसते. कुत्र्याने शब्द त्या जागेसकट शिकलेला असतो; नव्या जागी तो पुन्हा थोडासा शिकवावा लागतो.

स्वराचाही विचार आवश्यक आहे. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल यांच्या अभ्यासानुसार प्राण्यास चेतविण्यासाठी भिन्नभाषी शिक्षक आखूड, पुनरावृत्त ध्वनी वापरतात आणि शांत करण्यासाठी वा थोपविण्यासाठी लांब, सलग ध्वनी. कुत्र्यास बोलाविण्याची मराठीतील ‘यू यू यू’ ही जुनी हाक ह्या निरीक्षणाशी जुळते. बुडापेस्ट येथे आंडिच आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १३ कुत्र्यांच्या मेंदूंचे निरीक्षण केले. स्तुतीचे शब्द आणि स्तुतीचा सूर एकत्र आले तेव्हाच मेंदूतील सुखसंवेदनेचा भाग विशेष सक्रिय झालेला आढळला. रागावलेल्या सुरातील ‘शहाणा आहेस’ हे म्हणून बक्षीस ठरत नाही.

सर्वांत घातक चूक हाकेच्या बाबतीत होते. कुत्रा उशिरा परत येतो आणि मालक त्यास चोप देतो. मालकाच्या मते ती उशिराची शिक्षा असते. परंतु माराच्या लगत पूर्वी घडलेली क्रिया येण्याची आहे. सुखद परिणाम देणारी क्रिया दृढ होते, हे थॉर्नडाइकने शतकापूर्वी मांडले. हाकेस प्रतिसाद देण्याचा परिणाम मार असेल, तर ती क्रिया लोप पावणारच. पुढील वेळी कुत्रा दहा हात दूर उभा राहतो आणि त्यास हट्टी ही पदवी मिळते. कितीही उशिरा आला तरी आलेल्या कुत्र्याचे स्वागतच झाले पाहिजे.

म्हणून पहिल्या पाठापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून चार-पाच शब्द, त्यांचे रूप आणि त्यांचे उच्चार निश्चित करावेत, व ते कागदावर लिहून भिंतीस लावावेत. आजींच्या ‘बैस’वर एकमत झाले तरी हरकत नाही, मग मात्र सर्वांनी ‘बैस’च म्हणावे.