जळून न गेलेले विष

नव्ह शापेल हे उत्तर फ्रान्समधले गाव आपल्याकडे ओळखले जाते ते पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैन्यामुळे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी 47व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकांच्या कंपन्या या गावात घुसल्या. पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, ते मराठा, शीख आणि मुसलमान जवान त्या दिवशी पायदळासारखे घराघरांतून लढले. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी पडले. मनुष्यबळाचे नुकसान इतके होते की हल्ला टिकवून धरता आला नाही.

पुढे रासायनिक युद्धाचा इतिहास वाचताना हेच गाव पुन्हा समोर आले आणि तारीख होती 27 ऑक्टोबर 1914. म्हणजे सॅपर्स गावात शिरले त्याच्या आदल्याच दिवशी जर्मन तोफखान्याने नव्ह शापेलवर सुमारे 3,000 खास गोळे टाकले होते. त्यांत छर्ऱ्यांबरोबर नाकाघशाला झोंबणारी डायनिसिडिनची भुकटी भरलेली होती. या कल्पनेमागे वाल्थर नेर्न्स्ट होते. 1920 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले, तेच. भुकटीचा काहीही परिणाम झाला नाही. समोरच्या सैन्याला आपल्यावर रासायनिक मारा झाला हे कळलेसुद्धा नाही. या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्यापासून मी या झोंबणाऱ्या भुकटीचा माग काढत आलो आहे. तो माग रणांगणावर संपत नाही. तो संपतो व्हर्दूनच्या ईशान्येला, स्पँकूरच्या जंगलात, युद्ध संपून दहा वर्षे झाल्यावर पेटवलेल्या एका आगीपाशी.

मधली तीन वर्षे वाचकांना ठाऊक आहेत. ईप्रचा क्लोरीन, मग फॉस्जीन, मग मस्टर्ड वायू. मला थांबायचे आहे ते जुलै 1917 पाशी. तेव्हा जर्मनांनी निळ्या क्रॉसची खूण असलेले गोळे वापरात आणले. आत क्लार्क नावाचे सेंद्रिय आर्सेनिकचे संयुग होते. ते वायू नव्हते, स्थायू होते. काचेच्या बाटलीत ते सीलबंद करायचे, बाटली गोळ्याच्या पोटात ठेवायची आणि भोवती टीएनटी ओतायचे. स्फोटाने त्याची सूक्ष्म धूळ व्हावी, ती वायूरोधक मुखवट्याच्या कोळशातून आरपार जावी, सैनिकाला शिंका आणि उलट्या सुरू होऊन त्याने मुखवटा काढून फेकावा आणि मग मागून येणाऱ्या फॉस्जीनने त्याला गाठावे, असा हिशेब होता. हिशेब चुकला. स्फोटातून निघणारे कण पुरेसे बारीक होतच नसत. नव्ह शापेलची भुकटी फसली तसाच निळा क्रॉसही मोठ्या प्रमाणात फसला. तरीही असे लाखो गोळे भरले गेले आणि डागले गेले. युद्धबंदी झाली तेव्हा उरलेल्यांचे ढीग फ्रान्सच्या मातीवर पडलेले होते.

इथून पुढचा इतिहास लष्कराचा कमी आणि ठेकेदारांचा जास्त आहे, आणि माझ्या मते पुस्तकांनी त्याला फार थोडी जागा दिली आहे.

1919 मध्ये फ्रेंच सरकारने उद्ध्वस्त प्रदेशाचे नकाशे रंगवले. सर्वांत वाईट भाग लाल, म्हणजे ‘झोन रूज’. सुरुवातीला हा लाल पट्टा सुमारे 1 लाख 79 हजार हेक्टरांचा होता. 1927 पर्यंत तो 49 हजारांच्या आसपास आला. शेतकऱ्यांना आपली जमीन परत हवी होती. सरकारलाही ती पिकाखाली यायला हवी होती. त्यासाठी आधी दारूगोळा उचलायचा, मग संपवायचा. हे काम सरकारने खासगी कंपन्यांना दिले. गोळ्यातले पोलाद, पितळ, शिसे आणि कडीचे तांबे भंगाराच्या बाजारात चांगले पैसे देत होते. त्यामुळे गोळा फोडून धातू मोकळा करणे हा धंदा झाला. साधा स्फोटक गोळा उघडता येई. मस्टर्डचा गोळाही रिकामा करता येई, अर्थात ज्याच्या हातावर ते सांडे त्याची किंमत वेगळी. निळ्या क्रॉसचा गोळा मात्र अडून बसला. बाटली टीएनटीत रुतलेली, टीएनटी बाटलीभोवती गोठलेले. दोन्ही वेगळे काढताना काच फुटली की संपले. तेव्हा उपाय एकच सुचला: रचा आणि पेटवा.

स्पँकूरच्या जंगलात, ग्रेमिलीजवळ, 1928 मध्ये सुमारे दोन लाख रासायनिक गोळे असे जाळले गेले. त्या जागेला स्थानिक लोक ‘प्लास आ गाझ’, वायूची जागा, म्हणत राहिले. धातू गेला, स्फोटके गेली, कागदोपत्री काम पूर्ण झाले. सेंद्रिय आर्सेनिक ज्वाळेत मोडते हे खरे आहे. पण आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. त्याला आग मोडू शकत नाही. थोडे धुरावाटे आसपास पसरले, बाकीचे जळक्या थरात उतरले आणि तिथेच राहिले.

माइंत्स विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक योहानेस प्रॉइस जर्मनीतल्या जुन्या दारूगोळ्याच्या जागांचा अभ्यास करत आले होते. टोबियास बाउझिंगर, एरिक बोनेर आणि प्रॉइस यांनी या जागेचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना एका आकड्यापाशी मी पुन्हापुन्हा मागे आलो. मातीच्या एका नमुन्यात दर किलोमागे 175 ग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते. साध्या शेतजमिनीत ते काही मिलिग्रॅम असते. म्हणजे इथल्या मातीचा सहावा हिस्सा आर्सेनिकच. जस्त किलोमागे 90 ग्रॅमपर्यंत, शिसे 26 ग्रॅमपर्यंत, तांबे 16 ग्रॅमच्या वर. भोवती दाट जंगल आणि मधोमध सुमारे सत्तर मीटर व्यासाचे उघडे वर्तुळ. आग विझून ऐंशी वर्षे होत आली तरी त्यात झाड उगवलेले नव्हते.

त्या वर्तुळात तीनच गोष्टी जगत होत्या: होल्कस लॅनाटस हे लवदार गवत, पोलिया नुटान्स हे शेवाळ आणि क्लॅडोनिया हे दगडफूल. या गवताबद्दल थोडे सांगायलाच हवे. वनस्पतीच्या मुळाला आर्सेनेट आणि फॉस्फेट यांतला फरक कळत नाही. फॉस्फेट समजून ती आर्सेनेट ओढून घेते आणि मरते. होल्कसच्या काही वाणांनी फॉस्फेट ओढण्याची आपली ताकदच कमी करून घेतली आहे. ती अर्धपोटी राहतात आणि म्हणून वाचतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या जुन्या खाणींच्या ढिगांवर शास्त्रज्ञांनी हे आधीच पाहिले होते. स्पँकूरला तेच गवत तीच युक्ती करत उभे होते.

आता तिथे कुंपण आहे आणि प्रवेश बंद आहे. पण कुंपण पाण्याला अडवत नाही. ऑर्लेआँच्या संशोधकांनी या मातीचे मोठे स्तंभ प्रयोगशाळेत उभे करून त्यात जंगलातला पालापाचोळा घातला, खालचा भाग पाण्याने भरला आणि काय होते ते पाहिले. आर्सेनिक सध्या बरेचसे लोहाच्या खनिजांना धरून बसले आहे. सेंद्रिय पदार्थ आणि साचलेले पाणी यांनी त्या पकडीवर परिणाम होतो. म्हणजे जंगलाला ही जागा परत घेऊ द्यावी, पाचोळा साचू द्यावा, निसर्ग आपोआप भरून काढील, हा आपल्या सगळ्यांना आवडणारा विचार इथे तपासल्याशिवाय चालत नाही.

‘प्लास आ गाझ’ ही निदान माहीत असलेली जागा होती. तिच्यापासून फार लांब नसलेली दुसरी जागा लोक पूर्ण विसरले होते, आणि ती शोधणारा माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दानियेल ह्यूबे हे बीआरजीएम या फ्रान्सच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले भूवैज्ञानिक. प्रदूषित माती मोजणाऱ्या माणसाने अभिलेखागारात बसावे अशी कुणाची अपेक्षा नसते. ह्यूबे बसले. करार, पत्रे, जुने नकाशे चाळत ते क्लेर आणि श्वांडर या कंपनीपर्यंत पोहोचले. म्यूझरे, वोदोंकूर आणि ल्वाझों या गावांच्या शिवारात युद्धानंतर या कंपनीने सुमारे 15 लाख रासायनिक गोळे नष्ट केले होते. ‘प्लास आ गाझ’च्या कितीतरी पट. कारखाना उठला, जमीन नांगराखाली आली. आपल्या सातबाऱ्यासारखे जे काही कागद तिथे असतात, त्यांवर याची खूण नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गहू पिकला, गाई चरल्या.

2015 च्या उन्हाळ्यात म्यूझ जिल्ह्याच्या प्रशासनाने तिथली पिके विकायला बंदी केली. दूधही अडवले. त्या शेतकऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आजोबांनी सरकारकडून परत मिळवलेली जमीन, उभे पीक, आणि एक दिवस कळते की जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने इथे काय केले होते. ह्यूबेंनी हा शोध 2016 मध्ये पुस्तकरूपात मांडला. कागदपत्रे जपणे हेसुद्धा पर्यावरणाचे रक्षण आहे, हे मला त्यांच्यामुळे पटले. माती तपासायला यंत्र लागते, पण कुठली माती तपासायची हे फक्त कागद सांगतो.

पाण्याचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. 2012 मध्ये फ्रान्सच्या उत्तर टोकाच्या नोर आणि पा-द-काले जिल्ह्यांत पाचशेहून अधिक गावांना कळवण्यात आले की नळाचे पाणी गरोदर व स्तनदा मातांनी पिऊ नये आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये. कारण होते परक्लोरेट. हा क्षार थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. तान्ह्या बाळांसाठी लिटरमागे 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरली होती, मोठ्यांसाठी 15 ची. प्रभावित गावांचा नकाशा जुन्या आघाडीवर ठेवला की दोन्ही बरेच जुळतात, आणि पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळ्यात परक्लोरेट वापरले जात होते. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण चिलीहून येणाऱ्या नायट्रेट खतातही परक्लोरेट निसर्गतःच असते, आणि तेही या शेतांत टनांनी पडले. क्लोरीन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कारखान्यातले परक्लोरेट आणि चिलीचे यांत फरक करता येतो, आणि वाद त्या दिशेने पुढे सरकतो आहे. सगळा दोष तोफगोळ्यांवर टाकणे सोपे आहे. मी तो टाकणार नाही. मात्र खताचा धागा सापडला म्हणून दारूगोळा जाळण्याच्या जागा तपासायचे थांबणे, ही त्याहून मोठी चूक ठरेल.

गोळे अजून निघतातच. फ्रान्सचे दारूगोळा निकामी करणारे पथक दरवर्षी शेकडो टन जुना दारूगोळा गोळा करते आणि 1945 पासून या कामात सहाशेहून अधिक तज्ज्ञांचा जीव गेला आहे. विषारी गोळे वर्षानुवर्षे नुसते साठवून ठेवले गेले, कारण जाळायचे नाही हे उशिरा का होईना समजले होते, आणि जाळायचे नाही तर काय करायचे हे ठरले नव्हते. एप्रिल 2001 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या विमीच्या साठ्यातले गोळे गंजून धोकादायक झाले, तेव्हा बारा हजारांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली आणि गोळे थंड ठेवणाऱ्या ट्रकांतून स्वीपच्या लष्करी तळावर न्यावे लागले.

बेल्जियमने पुलकापेले इथे वेगळी वाट धरली. शेतकऱ्याने बांधावर ठेवलेला चिखलातला गोळा आधी साफ होतो, मग क्ष-किरणाखाली जातो. गोळा कलता केला की आतल्या द्रवाची पातळी हलते. म्हणजे आत मस्टर्ड किंवा फॉस्जीन असू शकते. बाटलीची आकृती दिसली तर निळा क्रॉस. न्यूट्रॉनच्या माऱ्याने आतले आर्सेनिक गोळा न उघडता ओळखता येते. मग तो गोळा जाड पोलादी कोठीत बंद करून फोडतात. धूर आकाशात जात नाही, राख जंगलात पडत नाही. आर्सेनिकयुक्त अवशेष गोळा होतो, मोजला जातो, विषारी कचरा म्हणून नोंदवला जातो. हे संथ आणि महाग काम आहे, आणि त्याचा संपूर्ण अर्थ त्या नोंदीत आहे. फ्रान्सनेही माइयी-ल-काँच्या लष्करी तळावर असा कारखाना हाती घेतला.

हे सगळे लिहीत असताना माझ्या डोळ्यांपुढे वर्धा जिल्हा होता हे सांगायला हवे. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजीच्या शिवारात, बाद झालेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण गेले. मृतांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. स्पँकूर आणि पुलगाव यांची बरोबरी करता येत नाही, कारण आपल्या दारूगोळ्यात निळा क्रॉस नाही. पण टीएनटी आहे, आरडीएक्स आहे, धातू आहेत. यांतले आरडीएक्स मातीत फारसे अडत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प एडवर्ड्स या सराव मैदानाखाली पिण्याच्या पाण्याचा साठा धोक्यात आला, म्हणून 1997 मध्ये तिथला प्रत्यक्ष गोळीबार पर्यावरण खात्याने बंद पाडला होता. लुइझियानातल्या कॅम्प मिंडनला टाकून दिलेले लाखो किलो प्रणोदक उघड्यावर जाळायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी ते होऊ दिले नाही. शेवटी बंद भट्टी आणावी लागली.

आपल्याकडेही दारूगोळा नष्ट करण्याच्या प्रत्येक मैदानाभोवतीच्या विहिरींची यादी हवी. पावसाळ्याआधी आणि नंतर त्यांच्या पाण्यात आरडीएक्स, परक्लोरेट आणि शिसे किती, हे मोजून ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत. कुठल्या खड्ड्यात, कुठल्या तारखेला, काय आणि किती नष्ट केले, त्याची नोंद जमिनीच्या कागदांवर उतरली पाहिजे, लष्कराची असली तरी. उघड्यावर भंगार वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या रक्तातले शिसे तपासले पाहिजे. आणि खड्ड्यात गोळे रचायला कंत्राटी मजूर उतरवायचे हे बंद झाले पाहिजे. ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे, आणि कोठी बांधायचा खर्च सरकारचा.