दिवसाला हजार बिड्या

जीवशास्त्राच्या पोरांना मोठ्या आकड्यांची भीती नसते. माणसाच्या अंगात सुमारे ३० लाख कोटी पेशी, त्यातल्या पाचात चार तांबड्या रक्तपेशी. मानवी जनुकसंचाची ३०० कोटी अक्षरं, ती वाचायला १९९० ते २००३ अशी १३ वर्षं लागली. ई. कोलाय जंतू, खाणं-पिणं नीट मिळालं तर, २० मिनिटांत दुप्पट. हे सगळं पेपरात धडाधड लिहिणारी मुलं कर्जमंजुरीच्या कागदावर मात्र एकच आकडा वाचतात: ६ लाख.

त्याखालचं गणित आज मांडू. घर कल्पनेतलं आहे, पण सोलापूरच्या पूर्वभागात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. आई बिड्या वळते. मुलीला बारावीला गुण चांगले, पण नीटमध्ये थोडक्यात हुकलं. हुकणारच. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. मग कुणीतरी सुचवतं, पुण्याला खासगी कॉलेजात बी.एस्सी. बायोटेकला घाला. फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला २ लाख धरू. ३ वर्षांचे ६ लाख. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्यामुळे घराचे कागद पेटीतच राहतात. सहकर्जदार म्हणून सही मात्र आईची.

व्याज १० टक्के धरा. शिक्षणाची ३ वर्षं आणि वर १ वर्ष हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. रिक्षा सिग्नलला थांबली म्हणून मीटर थांबतं का? पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर ४ वर्षांत ८० हजार चढले, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४०. पहिल्या हप्त्याच्या दिवशी खात्यावर बाकी ७ लाख ८० हजार. १५ वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला ८,३८२ रुपये. त्या पहिल्या हप्त्यातले ६,५०० व्याजातच जातात. मुद्दल कमी होतं १,८८२ रुपयांनी.

पुढचा आकडा मी दोनदा करून पाहिला. एकही हप्ता न चुकवता १० वर्षं भरल्यावर बाकी राहते सुमारे ३ लाख ९४ हजार. म्हणजे अजून निम्म्याहून जास्त! शेवटचा हप्ता भरून होईपर्यंत ६ लाखांपायी १५ लाख ९ हजार गेलेले असतात.

आता आईकडे वळू. हजार बिड्यांना २०० रुपये धरू, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे. हजार बिड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसच्या ४० जुड्या. तेंदूपान भिजवायचं, साच्याला लावून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हे हजार वेळा. कारखान्यात दिल्यावर नापास बिड्यांची छाट निघते ती वेगळीच. आणि ७ लाख ८० हजारांवर एका दिवसाचं व्याज होतं २१४ रुपये. आईचा अख्खा दिवस देऊन वर १४ रुपये कमीच पडतात.

१५ लाख ९ हजार म्हणजे ७५ लाख ४५ हजार बिड्या. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर २५ वर्षं. एक बिडी ६ सेंटिमीटरची धरून एकीपुढे एक ठेवल्या तर रांग साडेचारशे किलोमीटर जाते. सोलापुरातून मुंबई गाठूनही काही उरतात.

कर्ज फेडायचं ते मुलीनं, हे खरं. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीला १५ हजार हाती आले असं समजू. हप्ता वजा जाता ६,६१८ उरले. दिवसाला २२० रुपये. आईपेक्षा २० रुपये जास्त, तेही पदवी घेऊन.

अमेरिकेत हाच खेळ कुठवर गेला पाहा. ४ कोटींहून जास्त लोकांवर १.६ लाख कोटी डॉलरहून जास्त शैक्षणिक कर्ज आहे. ८५ रुपयांच्या भावानं १३६ लाख कोटी रुपये. आपल्या केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. अमेरिकेच्या त्या कर्जातून साडेचार माणसांच्या अंगातल्या एकेका पेशीला एकेक रुपया वाटता येईल.

हीच मुलगी सोलापुरात शिकली तर? संगमेश्वर, दयानंद, वालचंद ही कॉलेजं इथंच आहेत. अनुदानित तुकडीची फी काही हजारांत भागते, भाकरी घरची. बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असली आणि मूळ विज्ञानाला गेली, तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार देते. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याणाची शिष्यवृत्ती आहे, ती रक्कम लहान, पण परत करायची नाही. शेजारी केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंचा रोग पुस्तकात शोधायला नको, बागेत दिसतो. पुढे एम.एस्सी. करून जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. पक्क्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० आहे, पण त्या जागा किती निघतात आणि तासिका तत्त्वावर किती जण राबतात, ते कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बी.एस्सी.साठी कर्ज काढू नये. काढायचंच तर पुढच्या, नोकरी देणाऱ्या शिक्षणासाठी राखून ठेवावं.

तरीही काढणार असाल तर शिकतानाच व्याज भरत चला. पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये पडतात. ४ वर्षांत एकूण १ लाख ८० हजार जातील, पण बाकी ६ लाखांवरच राहील, हप्ता ६,४४८ वर येईल आणि शेवटी १ लाख ६८ हजार वाचतील. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही सूट देतात. सही करायच्या आधी बँकेतल्या साहेबांना एवढंच सांगा: पहिल्या हप्त्याच्या दिवशी बाकी किती असेल, तो आकडा कागदावर लिहून द्या.