उन्हाचा पंप आणि विहिरीचे पाणी

सांप्रत गावोगावच्या शिवारांत सूर्यशक्तीवर चालणारे पंप बसू लागले आहेत. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ साली निघाली. महाराष्ट्रात २०२४ साली निघालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेने सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीचा दहावा हिस्सा भरून पंप मिळू लागला. रात्रपाळीचे जागरण व विंचूकाट्याचे भय टळले, डिझेलचा धूर व खर्च वाचला, हे मोठेच सुख होय. परंतु ऊन फुकट, म्हणून पाणीही फुकट, असा समज झाल्यास पुढे पस्तावण्याची पाळी येईल.

हिशेब सोपा आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर २४ लाख लिटर झाले. पैकी काही ओढ्याने वाहून जाते, पुष्कळसे पीक व ऊन शोषून घेतात. दहावा हिस्सा खाली मुरला असे मानले, तरी एकरी २ लाख ४० हजार लिटरच हाती राहतात. पाच अश्वशक्तीचा पंप मध्यम खोलीवरून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे लाख लिटर उपसू शकतो. म्हणजे एकराची वर्षाची ठेव अडीच दिवसांत संपते! दख्खनच्या काळ्या खडकात पाणी मुरुमात व भेगांत मावेल तेवढेच साठते. एकाने अधिक उपसले की शेजाऱ्याची विहीर उतरते. पूर्वी डिझेलचा खर्च व विजेची टंचाई यांचा उपशास लगाम असे. आता तो आपणच घातला पाहिजे.

लगाम किती आवळावा हे पावसावर ठरते, आणि येथेच पुष्कळ बंधू सरकारी नोंदींविषयी शंका घेतात. 'पर्जन्यमापक मंडळाच्या गावी भिजला, आमचे शेत मात्र कोरडे' ही तक्रार रास्त आहे. पाऊस शिवारागणिक बदलतो. परंतु 'सरासरीच बदलली, म्हणजे आकडे फिरवले' हा आक्षेप टिकत नाही. हवामान खात्याने २०२२ साली देशाच्या जून ते सप्टेंबर या काळातील पावसाची सरासरी ८८ सेंटिमीटरांवरून ८७ केली, ती १९६१ ते २०१० ऐवजी १९७१ ते २०२० ही पन्नास वर्षे धरल्यामुळे. त्याने जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

शंकेवर उत्तम उपाय म्हणजे स्वतः मोजणे. झाड व भिंत यांपासून दूर, उघड्या जागी पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा वहीत टिपावा. दर पंधरवड्यास विहिरीची पातळीही दोरीने मोजून त्याच वहीत लिहावी. दसऱ्यास शेजारच्या विहीरमालकांनी एकत्र बसून वह्या ताडून पाहाव्यात, आणि मगच उसाखाली किती व हरभरा-ज्वारीखाली किती जमीन घालावयाची ते ठरवावे. पाण्याची बाकी पाहून पंप सुरू करण्याची सवय लागली, तर उन्हाची ही देणगी आपणांस खरोखर लाभेल.