फी माफ झाली, पुढे काय?

जून उजाडला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात आया येऊन उभ्या राहतात. प्रश्न ठरलेला, "सर, फी किती पडेल?" वर्षानुवर्षे आम्ही तो ऐकत आलो. अलीकडे मात्र उत्तर देताना आम्हीच अडखळतो. बऱ्याच ठिकाणी फी उरलेलीच नाही, आणि तरी मुली घरी बसतात.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचे उदाहरण घ्या. अब्बांचा फळांचा गाडा. बारावी सायन्सला गुण चांगले. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून हवा. बागवान ओबीसीत येतात, म्हणजे काम झाले असे सगळ्यांना वाटले. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. दादांचा शाळेचा दाखला निघाला, त्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द, 'मुसलमान'. बागवान, अत्तार, पिंजारी, सगळ्यांना त्या काळच्या हेडमास्तरांनी एकाच शब्दात बसवले होते. ते आमच्याच पेशाचे, म्हणून सांगताना जरा शरम वाटते. शेवटी तहसीलच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, मोडी लिपीत दादांच्या चुलत्याची नोंद सापडली, 'बागवान'. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. मुलीने एक वर्ष शिलाई मशीनवर काढले.

दवाखान्याचेही असेच. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व मोफत आहे. चांगलेच झाले. पण मोठा आजार निघाला की चिठ्ठी सोलापूरची. करमाळ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या वर. तिथले सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ही माफी त्याला लागू झाली नाही. तिथे महात्मा फुले योजना कामी येते, पण रेशन कार्ड आणि आधारवर नाव एकसारखे हवे. आमच्याकडे एकीवर 'शेख', दुसऱ्यावर 'शेख' गायब, तिसऱ्यावर 'बी' जोडलेले. अम्मीला एसटीत अर्धे तिकीट, सोबतच्या मुलाला पूर्ण, दोघांचा रोज बुडाला तो वेगळा. त्यामुळे 'पुढच्या महिन्यात जाऊ' होते, आणि साखर वाढत राहते.

लहान रकमांनाही कमी लेखू नये. पहिली ते पाचवीच्या अल्पसंख्याक मुलांना केंद्राची वर्षाला 1000 रुपये शिष्यवृत्ती मिळायची. 2022-23 पासून ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली. हजार रुपयांत दप्तर, वह्या आणि बूट यायचे. ते आता घरातून जातात, आणि दोन मुले असतील तर आधी कोणाचे बूट घ्यायचे हे आम्हाला पायांकडे पाहूनच कळते.

गेल्या रमजानमध्ये आम्ही जमातीच्या बुजुर्गांपुढे एक गोष्ट मांडली. जकातीतून गरजू घरांना शिध्याबरोबर सोलापूरच्या फेरीचे भाडे आणि जात पडताळणीचा खर्चही द्यावा. थोडी कुरकुर झाली. "भाड्याला जकात?" असे एकाने विचारले. हक्कदार गरीब असेल तर पैसे त्याच्या हाती द्यायचे, तो पीठ घेईल किंवा तिकीट, असे मौलानांनी समजावल्यावर ते मानले.

आता मगरीबनंतर आम्ही मशिदीशेजारच्या खोलीत बसतो. मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थही येतात. घरात दादा-परदादांचा दाखला, खरेदीखत, काहीही जुने असेल तर घेऊन या. मुलगी आठवीत असतानाच आणा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका.